तोरणाची सुलटी बाजू

आत्या, आज दारावरचं तोरण धुवायला काढलं, खळ घालून उन्हात पसरलं आणि ते वाळेपर्यंत तुमच्याशी बोलावं म्हणून लिहायला बसले. अक्षरं मोठी आणि सुटी काढते आहे, तुम्हांला लागायची तशी. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी ही त्याच्या डोळ्यांची काळजी करते, असं तुमचा लेक म्हणेल. म्हणू दे. सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत मला लग्नाआधी जुनाट वाटायची. तुम्हांला बघितल्यावर मात्र दुसरं काही म्हणावंसं वाटलं नाही, भीतीच एवढी वाटली.

तुमचा आवाज मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. त्या दिवशी तुम्ही इतक्या हळू बोललात की मला आधी वाटलं, तुम्हांला बरं नाही. वन्संना, तुमच्या लेकीला, दिवस गेले होते आणि त्यांना तुमच्या हातच्या सांज्याच्या पोळ्यांचे डोहाळे लागले होते. त्या वारणानगरला कारखान्याच्या कॉलनीत. सकाळी डबा घेऊन तुम्ही एकट्याच निघालात आणि दुपारी डबा तसाच घेऊन, घामाघूम होऊन दारात उभ्या राहिलात. मग लसूण सोलता सोलता मला सगळं सांगितलंत. तुम्ही गाडी ओळखायचा ती तिच्या उभं राहायच्या जागेवरून. त्या दिवशी स्टँडवर काहीतरी खोदकाम चाललं होतं, गाड्यांच्या जागा बदललेल्या, आणि तुम्ही नेहमीच्या जागेवरच्या गाडीत जाऊन ऐटीत बसलात. कंडक्टरनं तिकीट काढताना सांगितलं, ही गगनबावड्याची गाडी. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, “आज्जी, बोर्ड वाचून बसायचं की!” आणि गाडी हसली. फुलेवाडीला उतरून तुम्ही रंकाळ्याच्या कडेकडेनं चालत घरी आलात, कारण पुन्हा गाडीत चढायचं मन झालं नाही.

“लेकाला सांगशील तर बघ,” म्हणालात. मी सांगितलं नाही. पण त्यानंतर तुम्ही एकट्या वारणानगरला गेला नाहीत. लेकाला कागलच्या एमआयडीसीतून सुट्टी मिळेल तेव्हाच जायचं, आणि त्याला सुट्टी कधी मिळायची हे आपल्या दोघींना ठाऊक होतं. वन्संचा निरोप आला की तुम्ही उगाच भांडी आपटायचा. मी एकदा धीर करून म्हणाले, “आत्या, मी शिकवते की अक्षरं. पाटी आणू?” तर माझ्यावरच उसळलात. “आता पाटी घिऊन बसू व्हय? गल्लीतल्या बायका काय म्हणतील? म्हातारीला शाळंत घातली!” विषय तिथंच संपला.

संपला असता, पण तुमचा लेक एक अक्षरांचा तक्ता घेऊन आला. कागलला त्याच्या शेजारच्या मशीनवर उत्तरेकडचा एक कामगार होता, त्यानं आमच्या लहान पोरीसाठी म्हणून दिलेला. हिंदी तक्ता. तो बघून मला एकदम सुचलं. तुम्हांला क्रोशाचं भारी वेड. टीव्हीवर रुमाल, रेडिओवर रुमाल, पाण्याच्या पिंपावर रुमाल. आपल्या घरात दोन घटका एका जागी बसलेल्या माणसावरही तुम्ही रुमाल घातला असता. मी तक्ता तुमच्यापुढं धरला आणि म्हणाले, “पोरीसाठी ही अक्षरं क्रोशात करायची होती. पण अवघड आहे ना? राहू दे.”

“अवघड?” तुम्ही सुई शोधायलाच उठलात. “मला?”

मग काय, महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. तुम्ही आधी वरची लांब साखळी घातलीत, दरवाजाच्या मापाची, आणि तोरणाचे झुबके सोडतात तसं एकेक अक्षर तिच्यावरून खाली सोडत गेलात. उभ्या रेघांना खांबाचे टाके, वळणांना साखळीचे. ‘ग’ सोपा म्हणायचात, ‘ण’ गुणी, आणि ‘झ’ला मात्र शिव्या घातल्यात. मी मुद्दाम पोरीला मांडीवर घेऊन मोठ्यानं नावं घ्यायची. तुमचं लक्ष नाही असं तुम्ही दाखवायचा, पण ओठ हलायचे. एक दिवस विचारलंत, “ह्यात गुळाचा ळ कुठं हाय?” मी सांगितलं, हिंदीत नसतो. “कोल्हापुरात ऱ्हायाचं आन् गूळ लिव्हाय याचा न्हाय?” म्हणालात, माझ्याकडून ळ काढून घेतलात आणि तक्त्यात नसलेलं ते अक्षर सगळ्यांत ठसठशीत विणलंत. तोरण दारावर लागलं तेव्हा गल्ली बघायला आली.

पुढचा घोटाळा फक्त आपल्याच घरात होऊ शकत होता. सुलटी बाजू अर्थातच बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं. तुमची बसायची जागा उंबऱ्याच्या आत. दिवसभर तांदूळ निवडत तुम्ही वर बघून अक्षरं घोकायचा, गुपचूप. मला वाटायचं, छान चाललंय. एका दुपारी भाकरी थापताना मी परातीतल्या पिठात बोटानं पोरीला ‘ग’ काढून दाखवला, तर तुम्ही मागून ओरडलात, “उलटं काढलास की गं!” मी म्हणते नाही, तुम्ही म्हणता व्हय. “माझ्या हातानं इणलंय ते मी, मला सांगतीस?” पिठाच्या हातानंच तुम्हांला बाहेर नेलं आणि म्हटलं, बघा वर. तुम्ही बघितलंत. परत आत गेलात, आतून बघितलंत. पुन्हा बाहेर. आणि मग कट्ट्यावर बसून पदर तोंडाला लावून इतक्या हसलात की मलाही हसू आवरेना. सगळी अक्षरं तुम्ही पाठीकडून ओळखत होता!

मी म्हणाले, तोरण फिरवू या. पण तुम्ही कसल्या ऐकताय. “उलटी बाजू पावण्याला दावू? मला इणता येत न्हाय म्हणत्याल!” तोरण हललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाचं सूप घेऊन तुम्हीच बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलात, दाराकडं तोंड करून. ज्या बायकांच्या भीतीनं पाटी नको होती, त्या सगळ्या समोरून जात होत्या. एकीनं विचारलंच, काय पुटपुटताय? “वाचतोय,” कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा ठणकावून तुम्ही म्हणालात, “मी इणलंय, मीच वाचतोय.” मी आत चुलीपुढं होते. ऊर भरून आला म्हणतात ते तेव्हा मला कळलं.

आणि तो दिवस. पुन्हा सांज्याच्या पोळ्या, तोच डबा. मी पोरीला घेऊन स्टँडपर्यंत आले, तर मला गेटातच थांबवलंत. “मी जातो. तू हितंच उभी ऱ्हा.” मी लांबून बघते आहे. तुम्ही एका गाडीपुढं थांबता, मान वर करता, बोट हवेत हलतं. पुढच्या गाडीकडं जाता. तिथं बराच वेळ उभ्या राहता. तेवढ्यात कुणी बाई तुम्हांला विचारते, ही गाडी कुठली, आणि तुमचा तो गल्लीचं टोक गाठणारा आवाज सगळ्या स्टँडवर घुमतो, “वारणानगरची! बोर्ड हाय की वर!”

गाडी गेल्यावरही मी तिथंच रडत-हसत उभी होते. त्यानंतर तुम्ही मनात येईल तेव्हा जायला लागलात. वन्संच्या बाळंतपणाला तर माझ्याआधी पोचलात. पुढं आजारपणात अंथरुणावरून दार दिसायचं, तेव्हा तुम्ही उलटी अक्षरंही बरोबर वाचायचा आणि मला म्हणायचा, दोन्हीकडनं येतंय मला.

तोरण वाळलं आहे. हे पत्र कुठं धाडायचं नाही, एवढं कळतं मला. डब्यात राहील, तुमच्या सुईशेजारी. पण एक सांगते, ओरडू नका. तुम्ही गेल्यापासून मी ते फिरवून लावते. पावण्यांना उलटी बाजू दिसते. सुलटी आत असते, तुम्ही तांदूळ निवडत बसायचा त्या जागेकडं.