लाल डोक्याची पिंपं

शुक्र., ५ नोव्हें. ९३
सकाळी साडेसहाला मैदानावर. मैदान म्हणजे या अरबी वाळवंटातली वाळू, मधे मॅटिंग, बाकी क्षितिज. मॅटिंगचे खिळे ठोकतानाच निम्मी टीम दमते, उरलेली बॅटिंगला गेल्यावर. केरळवाल्यांच्या ओपनरनं पश्चिमेला सात सिक्सर मारल्या. तिकडे लाल डोक्याची चार रिकामी पिंपं आधीपासून उभी आहेत, आम्ही तीच बाउंड्री मानतो. फारच जवळ. मॅचनंतर आमच्या टीममधल्या सलीमला म्हटलं, ढकल बाहेर. वीस पावलं लोळवली. टीमचा सेक्रेटरी मी, निर्णय माझा. वहीत 'मैदानाचा विस्तार' अशी नोंद केली. घरी बायको, सुमा, म्हणाली, पोटाचा झाला तेवढा पुरे होता.

शुक्र., १२ नोव्हें.
जिंकलो! सलीमचे नव्या बाउंड्रीवर तीन कॅच, एक तर उलटं धावत. शुवैखला स्पेअरपार्टच्या दुकानात असतो, राहायला जलीबला, एका खोलीत सहा जण. शुक्रवारी एवढी मोकळी जागा मिळते म्हणून बाउंड्री मागूनच घेतो. रत्नागिरीला त्याला मुलगी झालीय, अजून पाहिलेली नाही. माझ्या दूरदृष्टीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मीही.

मंगळ., १६ नोव्हें.
प्लांटवर सेफ्टी मीटिंग. मी बिस्किट खात होतो. थॉमस, आमचा सेफ्टीवाला, सांगत होता: अडीच वर्षांपूर्वीच्या लढाईतले सुरुंग काढणाऱ्यांनी जिथपर्यंत जमीन तपासली तिथे लाल डोक्याची पिंपं ठेवलीत, त्यापलीकडे पाय टाकायचा नाही.
बिस्किट तोंडातच राहिलं.
तीन कॅच. उलटं धावत.

बुध., १७ नोव्हें.
थॉमसला सांगायचं तर 'सुरक्षेची खूण मी हलवली' असं सांगायचं. म्हणजे नोकरी, व्हिसा, विमान, त्याच क्रमानं. जन्मभर लोकांच्या भित्रेपणाची टवाळी केली. आता घरच्या घरी सोय झाली.

गुरु., १८ नोव्हें.
मैदानाकडे जाताना सलीमला गाडीत सांगितलं. रिग्गईच्या सिग्नलला त्यानं काच खाली केली. मग म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी मागे बघतसुद्धा नव्हतो."
पिंपं आणायची म्हणजे तीच वीस पावलं परत चालायची. पिंपं लोळवल्याच्या खुणा वाऱ्यानं पुसल्यात. मी उतरायला लागलो तर त्यानं अडवलं. "तुम्ही नका येऊ. माझी पावलं मी ओळखतो."
चार वेळा गेला, चार वेळा आला. मी गाडीचं दार धरून मोजत होतो. चौथ्या वेळी आकडे विसरलो.
वीसऐवजी तीस पावलं आत आणली. पण तेव्हा बाहेर लोळवताना तो लांब ढांगा टाकत होता, आज पाऊल मोजून मापून. आणि मॅटिंग आम्ही दर शुक्रवारी अंदाजानं अंथरतो. खरी रेघ कुठली, आता कुणालाच माहीत नाही.
उतरताना एवढंच म्हणाला, "उद्या मी स्लिपमधे."

शुक्र., १९ नोव्हें.
नवव्या ओव्हरला सिक्सर. बॉल पिंपांच्या खूप पलीकडे. समोरच्या टीमचा, बाहेर बसलेला एक पोरगेला बॅट्समन तो आणायला निघाला. सलीमनं स्लिपमधून धावत जाऊन त्याची कॉलर धरली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हटलं, "साप आहेत तिकडे. नवा बॉल घ्या."
हसले. आमचा कॅप्टन म्हणाला, देशपांडे एवढा घाबरट असेल असं वाटलं नव्हतं. सलीम हसला नाही. किट आवरताना माझ्याजवळ येऊन, "साहेब, साप किती दिवस पुरणार?"
बॉल तिथेच. लाल, रस्त्यावरूनही दिसतो. दूर दोन तंबू लागलेत. थंडी सुरू झाली की इथली कुटुंबं वाळूत राहायला येतात, पोराबाळांसकट.

शनि., २० नोव्हें.
थॉमसला द्यायची चिठ्ठी लिहिली. तीनदा फाडली, प्रत्येक वेळी 'मी'च्या जागी 'आमच्याकडून' यायचं. चौथीत 'मी' आहे. उद्या देऊ म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली.
संध्याकाळी सलीमचा फोन, रस्त्यावरच्या बूथमधून. दुकानाचा माल पोचवायला मैदानावरून गेला होता.
"साहेब, बॉल नाहीये तिथे."
वाळूखाली गेला असेल, म्हटलं. वारा होता.
"वारा नव्हता आज."
सुमा विचारतेय, शर्ट घालून कुठे निघालात. थॉमसची बिल्डिंग दहा मिनिटांवर आहे. सलीम म्हणाला, तंबू दोनाचे चार झालेत. चिठ्ठी खिशात आहे, निघालो.