खालची ओळ

प्रिय धाकटे,

फोनवर मी तुला सगळ्याला हो म्हणते, कारण तू घाईत असतेस आणि मला शब्द सुचत नाहीत. म्हणून कागद घेतला. इथे तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस.

बाबा गेल्यावर, मागच्या सुट्टीत, तू त्यांच्या कॉम्प्युटरवर जुन्या सिस्टिमशेजारी माझ्यासाठी नवी टाकून दिलीस. डिस्कवर दोन्ही सिस्टिमना जागा वाटून द्यायची होती. तू चहा टाकायला आत गेलीस आणि जाता जाता म्हणालीस, आई, ती मधली रेघ सरकव आणि पुढे जा. मी सरकवली. बाबांची बाजू आक्रसायला लागली तसा माझा हात अडला. या घरात त्यांनी टेबलाच्या एका कोपऱ्यापलीकडे कधी जागा मागितली नाही. मी रेघ परत ढकलली आणि माझ्या वाट्याला चिंचोळी पट्टी ठेवली. आता चार पुस्तकं उतरवली की जागा संपल्याची पाटी येते. तू म्हणतेस, कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही गं.

नव्या सिस्टिमबद्दल माझी तक्रार नाही. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, डोळे दुखत नाहीत. शेजारची शिक्षिका म्हणते, काकू, तुम्ही तर इंजिनिअर झालात! मी म्हणते, झाले की, जागा संपलेली इंजिनिअर.

पण सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात ना, वर नवी, खाली जुनी, आणि आकडे उलटे पळू लागतात. काही दाबलं नाही तर आपोआप वरचीच उघडते. मी रोज बाणावर बोट धरून बसते आणि आधी खाली जाते. परवा दूध उतू गेलं म्हणून धावले, परत येईपर्यंत नवी उघडून बसलेली. बंद करून पुन्हा लावता आला असता, कळतं मला. तरी ओटा पुसत पुसत रडले.

रविवारी येऊन तू जुनी सिस्टिम काढणार, सगळी जागा मला देणार. बाबांनी काढलेले घरांचे नकाशे ऑफिसवाले कधीच घेऊन गेले, मग त्यात आहे तरी काय, असं तू विचारलंस. मला माहीत नाही. मी आत कधी गेलेच नाही. त्यांचं नाव येतं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. थोरलीचं नाव घालून पाहिलं, तुझं घालून पाहिलं. माझं घालायचा धीर होत नाही. नाही उघडलं तर? मी नुसती त्या नावासमोर बसते, बंद करते, मग वाचायला घेते. तू ये, चार दिवस राहा, पण ती ओळ असू दे. मी चार पुस्तकांत भागवीन.

वाट बघणारी आणि जरा घाबरलेली,
तुझीच आई