मावशी नावाचं ड्रेसिंग

पिपरी मेघे, वर्धा
१९ जानेवारी २०२५

चि. काजल,

आशीर्वाद आहेतच, रागावले म्हणून ते कमी होत नाहीत. धनंजयरावांचा खोकला गेला असेल. माझे गुडघे होते तसेच आहेत. बाजारात तुरीच्या शेंगा छान आल्यात. घरात थोडी आवराआवर चालू आहे. बाकी विशेष नाही.

आता विशेष. फोनवर मी तावातावाने बोलू लागले की तू "हो गं मावशी" म्हणतेस आणि माझा सगळा आवेश वाया जातो. म्हणून हे पत्र.

परवा शेजारच्या शोभाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "मोहिनीबाई, काल आम्ही नालवाडीले तुमच्या काजलच्या दुकानात गेलतो. मावशी खाल्ली. लय झोंबते वं बाई!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तुझ्या सॅलडच्या दुकानात एका ड्रेसिंगला माझं नातं चिकटवलं आहेस, हे मला शेजारणीकडून कळावं?

मी लगेच मोबाईलवर शोधलं, अशी नावं पडतात तरी कशी. सीझर म्हणजे रोमचा, असं मी जन्मभर समजत आले. निघाला मेक्सिकोत हॉटेल चालवणारा एक इटालियन माणूस. थाउजंड आयलंड म्हणे एका नदीतल्या बेटांवरून. म्हणजे नाव ठेवतात ते माणसाच्या मानासाठी, नाहीतर गावाच्या प्रेमापोटी. आणि माझ्या वाट्याला काय? झोंबणं!

काल तू नागपूरला जाणार हे माहीत होतं. मुद्दाम तेव्हाच गेले. तुझी ती काउंटरवरची मयुरी मला ओळखत नाही.

"काकू, वरून काय टाकू? सीझर, थाउजंड आयलंड, का मावशी?"

मागचे एक गृहस्थ आपणहून म्हणाले, "मावशीच घ्या बाई. बाकीचं सारं पानचट हाये."

भिंतीवरच्या बोर्डावर तुझं अक्षर होतं. "मावशी : पहिल्या घासाला राग येईल. नाकात जाईल, डोळ्यांत पाणी येईल. मग बरं वाटेल."

निम्मी नालवाडी माझ्या वर्गात इंग्रजी शिकून गेली आहे, काजल. तिच्यासमोर माझी ही जाहिरात! खोट काढायचीच म्हणून एक वाटी मागवली. काकडी, गाजर, संत्र्याच्या फोडी. पहिला घास घेतला आणि फेसलेली मोहरी थेट टाळूपर्यंत चढली. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले, तर मयुरी पाण्याचा ग्लास घेऊन धावली.

"राहू द्या काकू, पुसू नका. आमच्या ताई म्हणतात, मावशी खाल्ल्यावर डोळे पुसायचे नाई."

मग मी पुसले नाहीत. ते गृहस्थ बिचारे घाबरून गेले.

तुला ते इतकं आठवत असेल, असं वाटलं नव्हतं. नऊ वर्षांची होतीस तू. जया गेली त्यानंतर तुला मी इथे आणलं. तू खात नव्हतीस, बोलत नव्हतीस, आणि रडत तर अजिबात नव्हतीस. मला धाकट्या बहिणीसाठी रडायचं होतं, पण तुझ्यासमोर कसं रडणार? हाताला काहीतरी हवं म्हणून शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं फ्रेंच ड्रेसिंग करायला घेतलं. व्हिनेगर नव्हतं, लिंबू पिळलं. ऑलिव्ह तेल वर्ध्यात तेव्हा कुठलं? घरचं जवसाचं घातलं. आणि मोहरी फेसत बसले ती फेसतच राहिले.

तू काकडी बुडवून खाल्लीस आणि तुझे डोळे वाहू लागले. "मावशी, मोहरी लागली वं."

घरात मले-तुले बोलू न देणारी मी. त्या दुपारी म्हणाले, "मले बी लागली. पुसू नको, येऊ दे पाणी." मोहरीचं नाव करून आपण दोघी संध्याकाळपर्यंत रडलो. मग तू भात मागितलास.

म्हणजे बोर्डावर तू माझी चेष्टा केली नव्हतीस. एवढं कळायला मला अख्खी वाटी संपवावी लागली.

आता त्या आवराआवरीचं. नागपूरच्या एका ज्येष्ठ निवासात खोली पाहून ठेवली आहे. उद्यापर्यंत होकार कळवायचा होता. पुस्तकं खोक्यांत भरून झाली, फक्त तुला सांगणं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, टाळलं. तू "थांब" म्हणशील असं वाटायचं, आणि म्हणाली नाहीस तर काय, असंही वाटायचं. तुझं घर आहे, दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी माझी चौकशी करणं हे तुझं एक काम होऊन बसावं, हे मला नको होतं.

रिकाम्या वाटीसमोर बसल्या बसल्या त्यांना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. तू थांब म्हणायची वाट पाहत बसले नाही. तेवढा तोरा राहू दे माझा.

तरी तक्रार आहेच. त्यात दही कोणी घालायला सांगितलं? मोहरीही मिक्सरमधली होती, मला लगेच कळलं. मिक्सरमध्ये ती तापते आणि कडवट होते. पुढच्या सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी येते. मोठी परात काढून ठेव आणि बसायला उंच स्टूल बघ, माझ्याने खाली बसवत नाही.

तुझी,
इथेच राहणारी
मोहिनीमावशी