पत्र्याखालची अँटेना

ताई गं,

उद्या सकाळी कॉलेजच्या मैदानावर मला संस्थेच्या अध्यक्षांची माफी मागायची आहे. स्टेजवर, माइकवर, कॅमेऱ्यासमोर. तुझ्या दहाव्याला मी जे केलं त्याबद्दल! ती मागितली तरच तुझी गाडी वर्कशॉपच्या कुलपातून बाहेर येणार, कंटेनरमध्ये चढणार आणि बोटीनं त्या लांबच्या वाळवंटातल्या शर्यतीला जाणार. नाही मागितली तर गाडी शिरूरलाच. दुपारपासून मला इतकी शिसारी आलीय की आईनं पुढ्यात ठेवलेली भाकरी तशीच आहे. असं काही झालं की मी तुझ्याकडे यायचे आणि तासभर शिव्या घालून मोकळी व्हायचे. आता कुणाकडे जाऊ? म्हणून लिहितेय.

आधी तुझ्यावरचा राग. डोकं दुखतंय म्हणालीस, गोळी घेतलीस, वर्कशॉपमधल्या बाकावर आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. कधीपासून दुखत होतं गं? गाडीची बॅटरी जरा तापली तरी तू सगळा ताफा रस्त्यावर थांबवायचीस आणि स्वतःबद्दल कुणाला एक शब्द नाही! आई अजून विचारते, "तुला तरी बोलली व्हती का?" काय सांगू मी तिला?

मला या भानगडीत ओढलंस तूच. मी आपली एमआयडीसीतली नोकरी सांभाळून सुखात होते. "रविवारी ये, व्हॅनमध्ये नुसती बसून राहा," म्हणालीस. पुढे तुझ्या विद्यार्थ्यांनी बांधलेली गाडी, चपटी, अंगभर सोलर पॅनल, आत प्राजक्ता जवळजवळ आडवी होऊन स्टिअरिंग धरलेली. मागे आपली व्हॅन. उन्हातून किती वीज येतेय, मोटर किती खातेय, ते सगळं आपल्या स्क्रीनवर आणि तिथून कॉलेजात बसलेल्या पोरांकडे. वाळवंटात मोबाइलला रेंज कुठली? म्हणून व्हॅनच्या टपावर ती अँटेना, जेवायच्या पाटाएवढी, पांढरी, थेट उपग्रहाशी बोलणारी. "हिचे काही नखरे नाहीत. डोक्यावर मोकळं आभाळ दिलं की झालं," असं तू येईल त्याला सांगायचीस.

आणि पहिल्याच दिवशी न्हावऱ्यात चहाला थांबताना व्हॅन लावलीस कुठे? चिंचेखाली! सावली बघून! लिंक गेली. कॉलेजातून फोनवर फोन, "मॅडम, गाडी बंद पडली का?" तू सगळ्या वायरी काढून घालायला लावल्यास, दोन पोरांना झापलंस. मी म्हटलं, "ताई, जरा वर बघ." तू वर बघितलंस आणि इतकी हसलीस की चहा नाकातून आला. मग झापलेल्या पोरांना भजी खाऊ घातलीस. तिथल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी गाडी बघितली आणि एकजण ओरडला, "आरं, झुरळ आलं बग झुरळ!" तेव्हापासून आपणही तिला झुरळच म्हणायला लागलो.

अध्यक्ष तुझ्या हयातीत वर्कशॉपमध्ये एकदाच आले. फोटोसाठी पॅनलवर कोपर टेकून उभे राहिले आणि पॅनलला तडा गेला. तू काय म्हणालीस? "असू द्या साहेब." का गं म्हणालीस? मी दाराशी उभी होते, सगळं ऐकत होते. तो तडा गेलेला तुकडा तू रात्रभर जागून बदललास आणि त्यांनी तो फोटो संस्थेच्या कॅलेंडरवर छापला.

आता दहाव्याचं ऐक. शर्यतीवाल्यांची अट तुला ठाऊक आहे, चाचणीची धाव त्यांना उपग्रहावरून थेट दिसली पाहिजे, तरच प्रवेश. मुदतीचा शेवटचा दिवस नेमका तुझ्या दहाव्याचा निघाला. आपण धाव सोडून द्यावी का, असं पोरं दबकत विचारायला आली. आबा म्हणाले, "सोडायची कशापायी? सकाळी घाटावरचं उरकू, मंग ऊन डोक्यावर आलं की पळवा. तिला दुसरं काय पायजे हाय?"

आदल्या दिवशी अध्यक्षांची माणसं आली आणि व्हॅनच्या टपावरची अँटेना काढून घेऊन गेली. संस्थेची वस्तू आहे म्हणे. वडगाव रासाईच्या घाटावर रेंज नसते आणि साहेबांची श्रद्धांजली लाइव्ह गेली पाहिजे! मी हातापाया पडले. "सकाळी लगीच आणून देतो की ओ," एकजण म्हणाला, आणि गेले.

घाटावर तुझा फोटो शोधावा लागत होता, ताई. फ्लेक्सभर अध्यक्ष, गॉगल लावलेले, दात दाखवत हसणारे, खाली त्यांच्या चेल्यांची रांग, आणि कोपऱ्यात तू, पासपोर्ट फोटोएवढी. माणूस गेल्याच्या फ्लेक्सवर कुणी हसतं का? त्यात साहेब यायला उशीर, म्हणून निरोप आला, "साहेब येऊस्तोवर पिंड ठेवू नका." आबा उघड्या अंगानं, ओल्या धोतरानं भीमेच्या काठावर बसून राहिले. सकाळच्या वाऱ्यानं कुडकुडत होते. आणि मंडपातली मंडळी चहा पीत होती!

शेवटी साहेब आले, पिंड ठेवला आणि माइक त्यांच्या हातात गेला. डोक्यावर ड्रोन भणभणतोय, स्पीकरनं कान फाटतायत, कावळे पार पलीकडच्या काठावर जाऊन बसलेले. कावळा शिवेना. मग आपल्याकडे होतं तेच सुरू झालं, तुझी इच्छा काय राहिली असेल याचा अंदाज घेऊन एकेकजण पिंडाला शब्द देऊ लागला. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "शुभीचं लगीन थाटात करू." मावशी रडत म्हणाली, "आईबापाला आंतर देणार न्हाई गं, आता तरी घे." त्यांचं खरं होतं, मला त्याचा राग नाही. पण अध्यक्ष! ते प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे तोंड करून एकेक वाढवत होते. मॅडमच्या नावानं प्रवेशद्वार बांधू. वाचनालय उघडू. भव्य सभागृह उभारू. कावळ्यासमोर निवडणुकीचा प्रचार बघितलायस कधी? मी बघितला.

आणि तेवढ्यात त्यांचा माणूस माझ्या कानाशी आला. "मॅडम, लाइव्ह सारखं अडाकतंय. तुम्हाला यातलं कळतं ना? जरा बघता का?"

तुझ्या पिंडासमोर हात जोडून उभी होते मी, ताई!

गेले बघायला. अँटेना घाटावरच्या पत्र्याच्या शेडखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवलेली, वर टॉवेल. मी टॉवेलाकडे बोट केलं. तो म्हणाला, "ऊन लागू ने म्हनून झाकलीय." सोलर गाडीची अँटेना, उन्हापासून जपलेली! चूक तुझ्या चिंचेसारखीच, मला हसूच फुटलं. पण तू वर बघितलं असतंस. यांना वर कोण बघायला सांगणार? त्यांना वाटलं मी दुरुस्त करतेय. मी वायर उपटली, टॉवेल खुर्चीवर घडी करून ठेवला आणि अँटेना काखोटीला मारली.

आबांनी काठावरून बघितलं. त्यांना थांबवायचं असतं तर एक हाक पुरली असती. ते म्हणाले, "शुभे, घिऊन जा ते. हितं मी हाय."

मी पायऱ्या चढत होते तेव्हा मागे गडबड उडाली. साहेबांना कुणीतरी सांगितलं, लाइव्ह गेलं. "थांबा, चालू होऊ द्या," ते चिडून म्हणाले आणि गप्प झाले. ड्रोन खाली उतरला. घाट शांत झाला आणि कावळा आला. दुसरं काय होणार होतं? इतका वेळ त्या बिचाऱ्याला कर्ण्यापुढे यायची हिंमत नव्हती! पण मंडपातून आवाज आला, "सायबांचा शब्द पोचला!" आणि साहेबांनी कावळ्याला हात जोडले. मी पायरीवर थांबून हे बघितलं. मला वाटलं, अँटेना भीमेत फेकून द्यावी आणि या माणसांपासून कुठेतरी लांब निघून जावं.

गेले नाही. न्हावऱ्याला पोरं व्हॅन घेऊन उभीच होती. तिथून चौफुला आणि परत. पारगावच्या पुलापाशी सगळ्यांच्या मोबाइलची रेंज गेली आणि आपली लिंक हलली नाही. एकदासुद्धा नाही! प्राजक्ता रेडिओवर विचारत होती, "वेग वाढवू का, मॅडम?" सवयीनं विचारत होती गं. मीच उत्तर देत होते. तिकडून संध्याकाळी होकार आला आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला बसून रडलो.

पुढचं तू ओळखलंच असशील. साहेबांचा भर सभेत अपमान झाला म्हणे! गाडीला कुलूप लागलं. अट अशी, मी जाहीर माफी मागायची, आणि पोरांनी गाडीच्या नाकावर रंगवलेलं तुझं नाव खरवडून तिथे साहेबांच्या वडिलांचं घालायचं. नाव खरवडायला सकाळी मीच पोरांबरोबर बसले. रंग नखात गेलाय, अजून निघत नाही. आणि उद्या माझी माफी लाइव्ह जावी म्हणून अँटेना बसवायची कुणी? तीही मीच!

प्राजक्ता मला म्हणाली, "ताई, नका मागू. नाही गेलो तर नाही गेलो." म्हणताना तिची मान खाली होती. तिच्या घरी लग्नाचं बघतायत, तुला माहीत आहे. शर्यत होईपर्यंत थांबा, एवढंच तिनं घरच्यांकडून कसंबसं कबूल करून घेतलंय. गाडी गेली नाही तर हिवाळ्यात तिचं लग्न लागेल. आबा मात्र ओट्यावर बसून एकच बोलतायत, "आपलीच पोरगी गेली, आन् माफी बी आपणच मागायची व्हय?"

खरं सांगू? अँटेनाचा एक स्क्रू ढिला ठेवायचा, बस. माझ्या तोंडून "माफ करा" निघायच्या आत सगळं बंद! दुपारभर मी तेच मनात घोळवतेय. पण मग कुलूप उघडणार नाही आणि तो माणूस घरी जाऊन निवांत जेवेल.

तेव्हा ताई, तुला शब्द देते, कावळ्याला मध्ये न घालता. अँटेना मी मैदानाच्या मधोमध, मोकळ्या आभाळाखाली बसवीन. लिंक पडू देणार नाही. माफी मागीन, खोटी मागीन, पण खणखणीत आवाजात, एकाही शब्दाला न अडखळता, म्हणजे त्यांना परत मागायला लावता येणार नाही. कंटेनरचं दार माझ्यासमोर बंद होईल, तेव्हाच मैदान सोडीन. वाळवंटात प्राजक्तानं रेडिओवर कुणालाही हाक मारली तरी ओ मी देईन.

आणि उद्या घरी आल्यावर आधी चूळ भरीन. मग बॅग भरीन.

तुझी,
शुभी