सईने मुद्दाम चुकवलेली गणितं

४ जुलै
सातवीच्या वर्गात टॅब आले. गणित आता त्यावरच, ज्याला जसं झेपेल तसं. पोरी खूश. जुळ्या म्हणून आजवर सगळं सारखंच मिळालं, फ्रॉकसुद्धा एकाच कापडाचे. आता प्रत्येकीचे धडे वेगळे.

११ जुलै
सई समीकरणांवर पोचली. जुईला टॅबने चौथीच्या भागाकारावर नेऊन बसवलं. "आई, माकडं केळी वाटतात गं त्यात. मी काय बालवाडीत आहे?" आधी हसले. मग तिचा चेहरा बघितला.

१९ जुलै
आधी एकच पुस्तक मध्ये ठेवून भांडत गणितं करायच्या. आता एक पलंगावर, एक ओट्यापाशी, दोघींच्या कानात हेडफोन. नितीन म्हणतो, बरं झालं, कटकट गेली. बाप आहे की शेजारी!

२ ऑगस्ट
लॅबमधून हाफ डे टाकून शाळेत गेलेले. टीचरना म्हटलं, दोघींना एकच धडा द्या ना. "माझ्या हातात नाहीये हो. पुढचं काय द्यायचं ते तोच ठरवतो, मी नुसती बघते." मग हळूच, "जुईला भागाकार खरंच येत नाही, सईच्या आई."
खरंय. सईचं बघून उतरवायची. मला कधी कळलंच नाही. कल्याण स्टेशनबाहेर मोहने गावाला जाणाऱ्या शेअर रिक्षाच्या लाइनीत उभी राहून विचार करत होते, टॅबवर तरी कशाला चिडायचं.

१४ ऑगस्ट
शाळेचा मेसेज. सईचा पाया कच्चा, मागचे धडे पुन्हा. सईचा?? भाजीवाल्याच्या आधी हिचा हिशोब तयार असतो.

१७ ऑगस्ट
आज मागे उभी राहून बघितलं. शहाण्णव भागिले आठ. ओठांनी बारा म्हणाली, बोटाने चौदा दाबलं.
"सई, काय करतेस?"
दचकली. "जुईला सांगू नको ना. ती एकटीच मागे राहिलीय."
ओरडणार होते. तिच्या शेजारी जाऊन बसले.
नितीन म्हणतो, टॅब काढून घे. शाळेचा टॅब, मी कसा काढू?

२३ ऑगस्ट
टीचरना फोन केला. "मुद्दाम चुकलेलं त्याला कळत नाही. बरोबर उत्तरं दिली की आपोआप वर जाईल ती."
द्यायला हवीत ना. सईला समजावलं, रागावले, शपथ घातली. नुसती मान हलवते.

३० ऑगस्ट
संध्याकाळी जुई ओरडतच किचनमध्ये आली. "आई, मी सईला गाठलं! आम्ही एकाच धड्यावर आहोत!" किती दिवसांनी अशी हसली.
आता दोघी पलंगावर, हेडफोन बाजूला. जुई शिकवतेय, "अगं वेडे, आधी सातने जातो का बघ." सई ऐकतेय, माझ्याकडे बघत नाही. जुईचं उत्तर बरोबर आलं. तिचं तिने काढलेलं.
नितीनने खुणेने विचारलं, सांगितलंस का जुईला?
मी भाजी चिरायला घेतली.