वर गेलं की गळतं

परभणी,
डिसेंबर १९९३

आदरणीय सिताराम दाजी आणि कडूआक्का यांना मुंजाजीचा सविनय जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की बऱ्याच दिवसांत तुमच्या तब्येतीची विचारपूस केली नाही. दाजी, तुमचा खोकला कसा आहे? आक्काच्या दाढेचं काय झालं? (ती दाढ तिने पिंगळीच्या त्या नव्या डॉक्टरकडून काढून घेऊ नये. तो मूळचा सायकल दुरुस्तीवाला आहे, मला पक्कं ठाऊक आहे.) म्हैस व्याली का? इकडे मी आणि पंचफुला दोघेही बरे आहोत. खुशाल आहोत असंच लिहिणार होतो, पण खुशाल माणसं घरात उलटी छत्री टांगून तिच्याखाली जेवत नाहीत, आणि आम्ही परवा-परवापर्यंत तसे जेवलो. या पत्रावर कुठे शाई पसरलेली दिसली तर मुंजा रडला असं आक्काने समजू नये. ते वरून पडलेलं पाणी आहे. माझं तुमच्याकडे काही मागणं नाही, फक्त मन मोकळं करतो आहे.

ही खोली मिळवताना काय काय झालं ते तुम्ही जाणताच. आडनाव सांगितलं की प्रत्येक घरमालकाचा भाचा शिकायला येणार असायचा. परभणीत एवढे भाचे खरोखर शिकले असते तर गल्लीगल्लीत कलेक्टर दिसले असते. अखेर खताच्या दुकानवाले किशनराव भेटले. माणूस बिलकुल सज्जन. खोली दाखवता दाखवता म्हणाले, माझं काही नाही, पण आई जुन्या वळणाची आहे. किशनराव आणि त्यांची आई चांगुणाबाई वरच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्या खोल्यांपुढे जी उघडी गच्ची आहे तेच आमचं छत. गच्चीवर कपडे वाळत घालायची मुभा मिळाली, अट एकच, वर येताना खालून आवाज द्यायचा. आम्ही म्हटलं, बरोबर आहे, बायाबापड्यांचं घर आहे. पंचफुला रोज पहिल्या पायरीवर उभी राहून “आजीऽ, येऊ का वर?” अशी हाक द्यायची आणि वरून “ये बाई” असं उत्तर यायचं. एवढी रीतभात मी कुठे पाहिली नव्हती, आणि कचेरीत तसं चारचौघांना सांगतही होतो.

दिवस कसे आहेत ते तुम्हीही तिकडे पाहताच. विद्यापीठाचं नामांतर होणार, होणार नाही, कुठे बंद, कुठे दगडफेक. आमच्या चौकात पोलिसांची गाडी उभी असते. कचेरीत मी आत शिरलो की लोक एकदम थंडी किती पडली यावर बोलू लागतात. (त्यात दोघेतिघे घामाघूम असतात.) अशात ही खोली हातची गेली तर दुसरी मिळणं कठीण, आणि पंचफुलाची बालवाडी याच गल्लीच्या टोकाला, म्हणजे खोली गेली की तिची नोकरीही गेली. म्हणून मी या घरात मांजराच्या पावलांनी राहत होतो. रेडिओसुद्धा उशीखाली ठेवून ऐकायचो.

आम्ही दिवाळीनंतर राहायला आलो, म्हणजे पाऊस संपल्यावर. पहिला थेंब पडला तो माझ्या टाळूवर. दुसरा उशीवर, मग पिठाच्या डब्यावर. दाजी, तुम्ही गवंडी आहात, पण मीही काही कमी नाही. कालव्याच्या कचेरीत कारकून आहे, गळती हा आमच्या खात्याचा रोजचा विषय. आवाज देऊन वर गेलो. पाण्याचा ड्रम पाहिला, बुड कोरडं ठणठणीत. नळाचा पाइप त्या बाजूला नाहीच. तुळशीच्या कुंडीला हात लावायची छाती झाली नाही, ती लांबूनच वाकून पाहिली. गच्ची उन्हात खडखडीत वाळलेली, मधोमध एक बारीक भेग होती तीही कोरडी. खाली येऊन पंचफुलाला सांगू लागलो की वर पाण्याचा टिपूस नाही, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या कानावर थेंब पडला. लगेच पुन्हा वर जायचं तर पुन्हा हाक द्यायला हवी, आणि म्हाताऱ्या माणसाला किती वेळा त्रास द्यायचा? म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो. वर कोरडं, खाली आल्यावर गळती. तिसऱ्या दिवशीही तेच.

आमच्या खात्यात गळती शोधायला पाण्यात रंग सोडतात. मी ठरवलं, वरच्या ड्रममध्ये रंग टाकायचा आणि तो छतातून उतरतो का बघायचं. घरात रंग एकच होता, कपड्यांची नीळ. पुडी घेऊन जिन्यापर्यंत गेलो, तेवढ्यात चौकातली पोलिसांची गाडी नजरेस पडली आणि मी तिथेच थांबलो. मुंजाजी, या महिन्यात, या जिल्ह्यात, घरमालकाच्या पिण्याच्या पाण्यात निळा रंग कालवताना सापडला! कालव्याचा प्रयोग करत होतो, असं मी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं? नीळ गुपचूप फडताळात ठेवली आणि तांब्याभर पाणी प्यालो.

मग पंचफुलाला थंडीताप आला. कपडे तसेच पडून, मी रोज संध्याकाळी खिचडी शिजवून तिला खाऊ घालत होतो. (ती म्हणते ताप त्या खिचडीमुळे लांबला.) त्या सगळ्या दिवसांत छत मुकाट. ताप उतरल्यावर तिने साचलेले कपडे धुतले, वर वाळत घातले आणि ती खाली येते न येते तोच उशीवर टप. ती कमरेवर हात ठेवून छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अवं, आपण वर गेल्यावरच गळायलंय बगा.” मी तिला वेड्यात काढलं. छताला काय कळतं, वर कोण जाऊन आलं ते? पण मनातल्या मनात मागचं सगळं आठवून पाहिलं. मी जेव्हा जेव्हा गळती शोधायला गेलो होतो, तेव्हा तेव्हाच ती झाली होती.

शेवटी किशनरावांना बोलावलं. ते एकटे वर जाऊन पाहून आले, गळलं नाही. मी म्हटलं, आता दोघं मिळून जाऊ. गेलो, दोघांनी भेग पाहिली आणि खाली येऊन माझ्या खोलीत उभे राहिलो. वर बादलीची कडी वाजली. मग भसकन पाणी ओतल्याचा आवाज, मग खराटा. खराटा कपड्यांच्या दोरीपासून सुरू झाला आणि जिन्याच्या तोंडापर्यंत गेला, नेमका माझ्या पावलांच्या वाटेने. आम्ही दोघे माना वर करून ऐकत होतो. थेंब पडला तो आमच्या दोघांच्या मध्ये. वर जाताना हाक द्यायची ती कशासाठी, हे मला त्या क्षणी कळलं. “ये बाई” म्हणणारी आजी बादली भरून आम्ही उतरायची वाट बघत असायची. माझे कान तापले. सगळं अंगच तापलं, खोटं कशाला लिहू. किशनराव भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचू लागले आणि कॅलेंडरलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “माझं काय न्हाई हो, मुंजाजीराव. पण आई...”

दुसऱ्या दिवशी ते नायलॉनची कोरी दोरी घेऊन आले. कपड्यांसाठी खाली अंगणातच बांधून घ्या, वहिनींना वर चढायचा त्रास नको. आमच्या अंगणात ऊन फक्त उन्हाळ्यात येतं, तेही पाहुण्यासारखं. पण मी ती दोरी घेतली, दाजी. आभारसुद्धा मानले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती, आणि मला फक्त खोली दिसत होती. पंचफुलाने दोरी माझ्या हातातून काढून घेतली, खाटेवर चढली, माझी छत्री उघडून उलटी केली आणि त्या दोरीने पंख्याच्या कडीला टांगली. पाणी तिच्यात पडू लागलं. मग म्हणाली, “खोली गच्चीसकट घेतलीय आपण. कपडे वरच वाळतेत.”

त्यानंतर बंद आला. कचेरी बंद, बालवाडी बंद, किशनरावांचं दुकान बंद, नळही बंद. सगळी गल्ली दारं लोटून घरात आणि रस्त्यावर फक्त पोलिसांचे बूट. तो दिवस पंचफुलाने धुण्यासाठी निवडला. आधी माझा सदरा घेऊन निघाली. हाक दिली, चढली, दोरीवर घातला, उतरली. वर बादली, खराटा, खाली छत्रीत टपटप. मग बनियन. मग एक मोजा. मग दुसरा मोजा. मी हात जोडले, आजचा दिवस तरी नको, गल्लीतल्या खिडक्यांतून लोक बघायलेत. ती म्हणाली, बघू द्या. तिचे डोळे लाल झाले होते, त्यामुळे मी जोडलेले हात सोडले. वरचा ड्रम रिकामा झाला. किशनराव दाढीचा साबण अर्ध्या तोंडाला तसाच ठेवून अंगणातल्या हौदावर बादली भरायला आले. माझ्याकडे न बघता ती वर घेऊन गेले, आणि तीही पुढच्या रुमालावर खर्ची पडली.

पंचफुलाचा पदर गळत होता, पण ती दुसरा रुमाल घेऊन गेली. या वेळी तिच्या हाकेला वरून “ये बाई” आलं नाही, तरी ती चढली आणि उतरेना. म्हातारी पडली-झडली तर आज, या दिवशी, गल्ली कोणाचं नाव घेईल? मी जिन्याकडे धावलो, पहिल्यांदाच आवाज न देता. आजी वरच्या पायरीवर गुडघा धरून बसली होती, शेजारी रिकामी बादली. “किती येशील गं पोरी,” ती धापा टाकत म्हणत होती. “माझ्यानं बादली उचलंना आता.” पंचफुला समोर उभी. मला वाटलं, ही आता आजीचीच धुलाई करणार. तिने रुमाल खांद्यावर टाकला, बादली उचलली, (आजीची बादली, दाजी, आपल्या हाताने) खाली येऊन हौदातून काठोकाठ भरली, वर नेऊन आजीपुढे ठेवली आणि म्हणाली, “घ्या आजी, धुवा. माझे पाय कुठं कुठं पडले ते दाखविते मी.”

किशनराव दारात, मी जिन्यात. आजी त्या पाण्याकडे बघत होती. या पाण्याने गच्ची धुतली तर ती स्वच्छ होणार की आणखी बाटणार, हा सवाल सत्तर वर्षांत तिला कोणी घातला नसावा. शेवटी ती म्हणाली, “ठिव तितं.” पंचफुलाने रुमाल वाळत घातला आणि ती खाली आली. त्या दिवशी छत पुन्हा गळलं नाही. संध्याकाळी किशनरावांनी खाली येऊन हळूच सांगितलं, “आईनं त्याच पान्यानं गुडघा शेकला.” मग म्हणाले, “माझं काय...” आणि पुढचं गिळून वर गेले.

म्हातारी एका दिवसात बदलली असं कृपा करून समजू नका. बादली गेली आणि तांब्या आला. पंचफुला उतरली की आता चार शिंतोडे पडतात, खराटा नाही. भेग मात्र आहे तिथेच, म्हणून एखाद-दुसरा थेंब अजून येतो. मी हे हसत लिहितो आहे म्हणून मला राग नाही असं मानू नका. राग आहे. रोज जिना चढताना येतो. पण खोली सोडायची नाही, असं पंचफुलाने ठरवलं आहे, आणि तिला आजीची बादली उचलताना पाहिल्यापासून मलाही मांजरासारखं चालायची लाज वाटते. रेडिओ आता उशीवर असतो.

आक्काला जयभीम, पोरांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवर माझ्या वतीने एक हात फिरवावा.

आपला,
मुंजाजी

ता. क. काही मागणं नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. दाजी, थापी आणि ओळंबा घेऊन सकाळच्या पॅसेंजरने या. भेग फोडून गच्चीवर नवा थर द्यायचा आहे. सिमेंट किशनरावांनी आणून ठेवलं आहे.

ता. क. २. आजीने विचारलं होतं, “गवंडी कोन हाय?” मी सांगितलं, माझे सख्खे दाजी. (लपवायचं आता काही उरलं नाही.) ती सुपारी चघळत म्हणाली, “नव्या सिमिटाला पानी मारावं लागतंय ना? ते माझ्याकडं लागलं.” पंचफुला हसत सुटली, मला मात्र झोप आली नाही. ती तुमची पावलं धुणार आहे की सिमेंटला पाणी मारणार आहे, ते मी तिला विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. तुम्ही फक्त पुन्हा पुन्हा वर जात राहा. जितक्या वेळा जाल, तितका थर पक्का होईल.