पाहुणा आधी की सोमवार

कट्टा, ता. मालवण
६ नोव्हेंबर २००६

चि. नम्रतास,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? नातवाचं बारसं पनवेलला एकोणीस तारखेला आहे हे कळलं, आनंद झाला. माझी तब्येत उत्तम, डोकं सोडून. त्याला कारण आमची धाकटी जाऊ, विमला.

इथल्या सर्वेशसरांच्या क्लासात मी जावा ही कंप्युटरची भाषा शिकते हे तुला ठाऊक आहे. (टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले म्हणून पापडच लाटावेत असं कुठे आहे?) विमलाने माझं बघून नाव घातलं. सराव माझ्या कंप्युटरवर, चहाही माझाच. परवा सरांनी अटींची साखळी शिकवली: ही अट खरी असेल तर हे कर, नाहीतर ती असेल तर ते, काहीच नसेल तर शेवटचं. आज जेवायला काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम लिहायचा होता. मी लिहिलं: पाहुणा असेल तर कोंबडी-वडे, नाहीतर सोमवार असेल तर काळ्या वाटाण्याची उसळ, नाहीतर बांगड्याची आमटी. (कॉन्व्हेंटात सिस्टरनी पाहुण्याला आधी विचारायचं असंच शिकवलं.) सरांनी सगळ्यांसमोर पाहुणाही घातला आणि सोमवारही, आणि पडद्यावर आले कोंबडी-वडे. आमच्या घरात, सोमवारी. यंत्र म्हणे वरून विचारत येतं आणि पहिली खरी अट सापडली की खालचं बघतसुद्धा नाही. आमच्या खात्यातले साहेब असेच होते.

मागून विमला, अगदी गोड आवाजात: "वयनी, पयलो सोमवार विचारूक व्हयो, मगे पावणो." तिचा प्रोग्राम उसळीवर बरोब्बर थांबला. सर म्हणाले, "काकी, याला म्हणतात डोकं." मला नव्हे, तिला. आता एकोणीसलाच क्लासाचा वाढदिवस आहे, आणि अख्ख्या कट्ट्यासमोर तिचा प्रोग्राम दाखवणार. ती नसली तर माझा, दुरुस्त केलेला. सेमीकोलनची कळ कुठे असते हे तिला मी दाखवलं होतं, नम्रता.

तुझी ताई

ता. क. बारशाला विमलाला आग्रहाने बोलाव. मला बोलावलं नाहीस तरी राग नाही.

ता. क. २. फोनवर क्रम मोडू नकोस. क्लासाचा कार्यक्रम आहे म्हणाली, तर बाळाला तुझ्याच हातून पाळण्यात घालायचंय म्हण. नाहीतर प्रवासाची कुरकुर केली, तर आमचा कौस्तुभ कुडाळला गाडीत बसवेल म्हण. नाहीतर नुसतं "येतंय" म्हणाली, तर लगेच फोन ठेव.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना विमला आली. बारशाचं मी सहज काढलं. म्हणाली, "तुमी येतल्यात तरच मी जातलंय, वयनी. क्लास खंय पळान जाता?" ही अट मी साखळीत घातलीच नव्हती. दोघींची तिकिटं काढते. खिडकीची जागा मात्र माझी.